मिठावरचा मासा : बर्ट मन्रो

हे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा माझी चांगलीच फसगत झाली होती. 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' नावाचा २००५ सालचा एक इंग्रजी चित्रपट आहे. नाव वाचून मला वाटले, मिल्खासिंगांसारख्या कोणा भारतीय धावपटूची कथा असावी. मोठ्या उत्साहाने पाहायला बसलो, तर पडद्यावर न्यूझीलंडचा एक टकला म्हातारा एका जुनाट मोटारसायकलीशी झटापट करताना दिसू लागला. 'इंडियन' म्हणजे माणूस नव्हेच! अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात 'इंडियन' या नावाच्या मोटारसायकली तयार होत. त्यांतली 'स्काउट' ही १९२० सालची एक गाडी आणि तिच्यावर जवळजवळ सारे आयुष्य ओवाळून टाकणारा हर्बर्ट जेम्स उर्फ बर्ट मन्रो, यांची ती गोष्ट होती.

चित्रपट संपला, पण म्हातारा डोक्यातून जाईना. मग मिळेल तेथून त्याच्याविषयी वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आले की चित्रपटाने बरेच काही सोयीसाठी बदलले आहे. अनेक वर्षांचे अनेक प्रवास त्याने एकाच प्रवासात बसवले आहेत, आणि घरच्या माणसांना फारशी जागा दिलेली नाही. खरी हकिगत अधिक लांबलचक, अधिक खडतर आणि काही ठिकाणी मनाला न पटणारीही आहे. ती येथे सांगण्याचा विचार आहे.

आपल्या वार्षिकांकात थोरांची चरित्रे नेहमी येतात. पुस्तकांच्या सहवासात, तुरुंगात, सभांतून, रणांगणावर घडलेली ती माणसे असतात. मन्रो घडला तो पत्र्याच्या तुकड्यांत आणि तेलकट चिंध्यांत. हे वातावरण मला परके नाही. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या डेंटिंगचे काम करतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा या लेखात हातोडीचा आवाज जरा जास्त आला, तर प्राध्यापकांनी क्षमा करावी.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल या गावी झाला. तो जुळ्यांपैकी एक. बरोबरची बहीण जन्मतःच गेली आणि हा मुलगाही फार दिवस काढील अशी आशा नव्हती. पण तो जगला, आणि इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेला एडेनडेल येथे वडिलांच्या शेतावर वाढला. शेतकऱ्याच्या पोराने शेत सांभाळावे ही जगभरची रीत. याचे मन मात्र लहानपणापासून वेगाकडे ओढले गेलेले. शेतावरच्या सर्वांत चपळ घोड्यावर बसावे, तो भरधाव सोडावा आणि घरच्यांची बोलणी खावीत, असा क्रम होता. पहिल्या महायुद्धावर जाण्याची त्याची इच्छा होती, पण युद्ध संपेपर्यंत तो शेतावरच राहिला. नंतर काही काळ ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर गेला, तर वडिलांनी पुन्हा शेतावर बोलावून घेतले.

१९२० साली त्याने ती इंडियन स्काउट विकत घेतली. सुमारे सहाशे सी.सी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन, तीन गिअर, तेही हाताने टाकायचे. ब्रेक फक्त मागच्या चाकाला. कारखान्यातून निघालेल्या या गाडीचा वेग ताशी पंचावन्न मैल, म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. त्या काळी तो पुष्कळच होता. इतर कोणी ती दहा वर्षे वापरली असती आणि भंगारात घातली असती. मन्रोने १९२६ च्या सुमारास ती उघडली आणि सुधारायला घेतली. ते काम पुढे चार दशकांहून अधिक काळ चालले.

१९२७ मध्ये त्याचे लग्न झाले. पत्नीचे नाव बेरिल. चार मुले झाली. जागतिक मंदीचे दिवस आले, पुन्हा शेतावर राबावे लागले. पुढे तो मोटारसायकली विकण्याचे आणि दुरुस्तीचे काम करू लागला. दिवसा नोकरी, रात्री गाडी. रात्र रात्र काम करून सकाळी तसाच कामावर जायचा, असे त्याच्याविषयी लिहिलेले आढळते. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर त्याने नोकरीही सोडली आणि एका शेडमध्ये बिऱ्हाड केले. तेथेच झोपायचे, तेथेच खायचे, तेथेच कानस चालवायची.

चरित्रकार येथे सहसा थबकत नाहीत, पुढच्या विक्रमाकडे धावतात. मला मात्र थबकावेसे वाटते. चार मुलांची आई त्या रात्री काय करीत असेल? पगारातले किती पैसे त्या इंजिनाच्या पोटात गेले असतील? ध्येयवेडा हा शब्द आपण फार कौतुकाने वापरतो. पण ध्येय एकाचे असते आणि वेडाची किंमत घरातली सगळी माणसे मोजतात. मन्रोवर माझा जीव जडला आहे हे कबूल, तरी या बाबतीत त्याची बाजू घेणे मला जमत नाही.

आता शेडमध्ये काय चालले होते ते पाहू. मन्रोजवळ पैसा नव्हता, त्यामुळे सुटे भाग विकत आणण्याऐवजी तो स्वतः घडवीत असे. पिस्टन तो जुन्या डब्यांचे साचे करून ओतत असे. आमच्याकडच्या फौंड्रीत ज्यांनी ओतकाम पाहिले आहे त्यांना कळेल, की धातू वितळवून साच्यात ओतणे हा अर्धाच भाग. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तर तो पिस्टन वेगात फुटणार हे ठरलेले. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या अॅक्सलमधून हाताने कोरून काढले. मापे घेण्यासाठी मायक्रोमीटर म्हणून तो चाकाची एक जुनी तार वापरी. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला होते. ते त्याने वर घेतले, म्हणजे इंजिनाचे सगळे डोकेच नव्याने बांधले. सिलिंडर मोठे करीत करीत सहाशे सी.सी.चे इंजिन पुढे साडेनऊशे सी.सी.पर्यंत नेले.

अर्थात हे सगळे पहिल्या फटक्यात जमत नव्हते. इंजिन फुटे, पिस्टन वितळत, रॉड तुटत. हे मोडलेले भाग तो फेकून देत नसे. शेडमधल्या एका फळीवर ते ओळीने मांडून ठेवलेले असत आणि वेगाच्या देवाला वाहिलेला हा नैवेद्य आहे, असे तो गमतीने सांगे. तिच्यावर दरवर्षी भर पडत होती. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या नापास झालेल्या सगळ्या उत्तरपत्रिका भिंतीवर लावाव्यात तसा हा प्रकार. आपल्यापैकी कोणाची छाती होईल?

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर तिथली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. मन्रोची प्रयोगशाळा म्हणायची तर हीच. १९५७ मध्ये या वाळूवर त्याने ताशी १३१.३८ मैलांचा न्यूझीलंडचा विक्रम केला. मूळच्या पंचावन्न मैलांची गाडी! वय अठ्ठावन्न. याच सुमारास डॉक्टरांनी त्याला हृदयविकार असल्याचे सांगितले होते. तो थांबला नाही हे सांगायला नकोच.

येथून पुढे त्याची खरी लढाई इंजिनाशी नव्हती, वाऱ्याशी होती. हा मुद्दा मला आमच्या भौतिकशास्त्राच्या एका स्नेह्याने समजावून दिला, तो असा. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो अडथळा दुप्पट वेगाने ढकलायचा असल्यामुळे लागणारी शक्ती होते आठपट. मन्रोची गाडी मूळ वेगाच्या सव्वातीनपटीहूनही पुढे गेली. त्या हिशेबाने केवळ वारा फोडण्यासाठी सुमारे सदतीसपट शक्ती हवी. डब्यात ओतलेल्या पिस्टनांच्या जोरावर एवढी शक्ती कोठून आणणार? इंजिनाने द्यायचे ते दिले, उरलेले वाऱ्याकडून सवलत म्हणून मागून घ्यायचे, एवढाच मार्ग होता. ही सवलत मिळते आकारामुळे. गाडीवर ताठ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्याच्या वाटेत उभी केलेली फळी. त्याच्या पाठीमागे हवेचे भोवरे होतात आणि ते त्याला मागे खेचतात. पुढून गोलसर आणि मागे हळूहळू निमुळत होत जाणारे कवच असले की हवा अंगाला चिकटून सरकते, भोवरे कमी होतात. माशाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही.

वाऱ्याला फसवण्याचे दुसरेही उपाय लोकांनी केले आहेत. १९४८ मध्ये रोली फ्री नावाच्या अमेरिकन चालकाने फडफडणारे कपडेच काढून टाकले आणि केवळ पोहण्याच्या चड्डीवर, व्हिन्सेंट मोटारसायकलीवर पालथे पडून, ताशी दीडशे मैलांची मर्यादा ओलांडली. त्याचे ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. फ्रीने अंगावरचे उतरवले. मन्रोने अंगावर चढवायचे ठरवले. डोके तेवढे बाहेर ठेवून स्वतःसकट सारी गाडी कवचात घालायची, असा त्याचा बेत होता.

कवचाची कल्पना त्याची एकट्याची नव्हती. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने असली कवचे हवेच्या बोगद्यात तपासून तयार केली होती आणि १९५६ मध्ये विल्हेल्म हेर्त्स याने त्यांच्या गाडीवर ताशी दोनशे मैलांचा टप्पा ओलांडला होता. त्याच वर्षी टेक्सासच्या जॉनी अॅलनने ट्रायम्फचे इंजिन बसवलेल्या एका सिगारसारख्या गाडीवर २१४ मैल गाठले. तिचे कवच स्टॉर्मी मँगहॅम या विमानाच्या वैमानिकाने बनवले होते. म्हणजे एकीकडे कारखाना, दुसरीकडे विमानविद्या जाणणारा माणूस. मन्रोजवळ यांपैकी काहीच नव्हते. होता पत्रा, हातोडी आणि वेळ. कवचाचा आकार त्याने सोनेरी मासा पाहून ठरवला, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, त्या कवचाचे चित्र पाहिले की मासाच आठवतो.

पहिले कवच त्याने अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे केले. हाताने ठोकून, वर्षानुवर्षे खपून. हे वाचून मी आप्पांना, म्हणजे वडिलांना विचारले, की एका कवचाला इतकी वर्षे कशी लागतील? त्यांनी जे समजावले ते कोणत्याच पुस्तकात मला इतके स्पष्ट मिळाले नव्हते. पत्रा एकाच बाजूने वळवायचा असेल तर ते सोपे असते, पिंप करणे कोणालाही जमते. पण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गोलाई हवी असेल, जशी अंड्याला किंवा माशाच्या डोक्याला असते, तर पत्रा नुसता वळत नाही. तो मधोमध ताणावा लागतो आणि कडेला आकसवावा लागतो. त्यासाठी वाळूच्या पिशवीवर ठेवून थोडा थोडा ठोकत जायचे. एक ठोका जास्त पडला की पोचा येतो, आणि पोचा काढताना शेजारी दुसरा फुगवटा येतो. त्यातून अॅल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होत जाते. मग ते तापवून मऊ करायचे. येथेही खुबी आहे, कारण लोखंडासारखे ते तापल्यावर लाल होत नाही, रंग न बदलताच एकदम वितळून खाली पडते. म्हणून त्यावर साबण चोळायचा आणि साबण काळपट झाला की आच काढून घ्यायची. हे सांगताना आप्पांचा चेहरा मी पाहत होतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात माझ्या शिक्षणाचे फार कौतुक होते. आणि एवढी विद्या ज्या माणसाजवळ आहे तो मात्र स्वतःला अडाणी म्हणवून घेतो.

कवचात दुसरी अडचण माणसाची. यंत्राला जागा एकदा ठरवून देता येते, पण माणसाला श्वास घ्यावा लागतो, हात हलवावे लागतात. कवच रुंद केले तर वारा अडतो, अरुंद केले तर चालक अडकतो. मन्रो त्यात जवळजवळ पालथा पडून शिरत असे. पाय जमिनीला टेकवण्याची सोय नाही, त्यामुळे सुरुवातीला मदतनीसांनी गाडी धरून ठेवायची. इंजिनाची आच अंगाशेजारीच. पुढे त्याने अॅल्युमिनियम बाजूला ठेवून फायबरग्लासचे कवच केले. ते हलके असते आणि साच्यावर थर देऊन बनवता येते, शिवाय फुटले तर डागडुजीही सोपी.

त्याची परीक्षा व्हायची होती ती अमेरिकेच्या यूटा राज्यातील बॉनव्हिल येथे. हिमयुगातले एक अवाढव्य सरोवर आटून गेले आणि मागे मिठाचे मैदान उरले. पावसाळी दिवसांत त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, उन्हाळ्यात तो सुकतो आणि पुन्हा आरशासारखे सपाट मीठ तयार होते. समुद्रसपाटीपासून उंची चार हजार फुटांहून अधिक, त्यामुळे हवाही थोडी विरळ. दरवर्षी ऑगस्टमध्ये जगभरचे वेगवेडे तेथे जमतात. पांढऱ्या मिठावर काळी रेघ ओढलेली असते, तिच्या अनुरोधाने गाडी हाकायची. विक्रमासाठी एकदा जाऊन भागत नाही, दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याने पाठीमागून ढकलल्याचा फायदा उरत नाही.

न्यूझीलंडहून तेथे पोचायचे म्हणजे आधी बोटीचा प्रवास, मग अमेरिकेत एखादी जुनी स्वस्त मोटार विकत घेऊन तिच्यामागे गाडी ओढत वाळवंटातून शेकडो मैल. पैसे जेमतेम. पहिल्यांदा तो नुसता पाहून आला. एकूण दहा वेळा गेल्याची नोंद आहे. मधल्या काळात एका अमेरिकन मासिकाने त्याच्या 'बर्ट' या नावाचे स्पेलिंग चुकवले, तर गड्याने मासिकाला पत्र पाठवण्याऐवजी स्वतःचेच स्पेलिंग बदलून टाकले!

१९६२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने बॉनव्हिलला ताशी सुमारे १७९ मैलांचा आपल्या वर्गातला जागतिक विक्रम केला. इंजिन तेव्हा साडेआठशे सी.सी.चे होते. १९६६ मध्ये मोठ्या इंजिनाच्या वर्गात १६८ मैलांचा विक्रम झाला. आणि मग आले १९६७ साल.

त्या सालाकडे जाण्यापूर्वी एक घरगुती प्रसंग सांगतो, म्हणजे पुढचे कळायला सोपे जाईल. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आप्पांनी आणि मी आमच्या जुन्या स्कूटरला पुढून पत्र्याचे मोठे संरक्षण केले होते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, बाजूंनाही वळवून घेतलेले. पाऊस लागू नये एवढाच हेतू. गल्लीत सर्वांनी वाहवा केली. पहिल्याच दिवशी शिवाजी पुलावर पंचगंगेवरून आडवा वारा आला आणि स्कूटर कोणी हँडल धरून ओढावे तशी कठड्याकडे सरकली. आप्पांनी पूल कसाबसा ओलांडला, आणि संध्याकाळी एक शब्द न बोलता तो पत्रा उतरवून माळ्यावर टाकला. समोरचा वारा अडवणारा पत्रा आडव्या वाऱ्याला शीड होऊन सापडतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पुढच्या चाकाच्या आसपास ज्या गाडीचे अंग मोठे, तिला वारा तोंडाला धरून फिरवतो. बाणाचे टोक जड आणि पिसे शेपटीला असतात ती याच कारणासाठी. या धोक्यामुळेच पुढचे चाक पूर्ण झाकणाऱ्या, कचऱ्याच्या पिंपासारख्या दिसणाऱ्या बॉड्यांवर आंतरराष्ट्रीय शर्यतींत १९५८ पासून बंदी घालण्यात आली. बॉनव्हिलच्या विक्रमांना हा नियम लागू नव्हता. तेथे जो तो आपल्या जबाबदारीवर.

१९६७ मध्ये मन्रोची गाडी मिठावर तुफान वेगात असताना निम्मे अंतर ओलांडल्यावर डुलू लागली. आधी थोडी, मग आवरेनाशी. अशा वेळी ब्रेकवर विसंबणे धोक्याचे, म्हणून वेग कमी करण्यासाठी त्याने अंग वर उचलले, आपल्याच छातीचा ब्रेक केला. त्याबरोबर वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला आणि हवेचा मारा असा बसला की डोळ्यांपुढे काही दिसेना. काळी रेघ कोठल्या कोठे राहिली. वाटेत लोखंडाची एक खूण रोवलेली होती, ती काही इंचांनी चुकली. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली आणि मिठावर घसरत जाऊन थांबला. अंगावर थोडे ओरखडे. एवढ्यावर निभावले हे नशीबच म्हणायचे. ज्या कवचाने त्याला वेग दिला तेच त्याला खाणार होते, आणि हे त्याला कळत नव्हते असे मुळीच नाही. वाळूवर आणि मिठावर तो पूर्वीही पडला होता.

याच १९६७ मध्ये, ऑगस्ट महिन्यात, हजार सी.सी.खालच्या वर्गात त्याने विक्रम केला. दोन्ही धावांची सरासरी ताशी १८३.५९ मैल नोंदली गेली. पात्रतेसाठी एका दिशेने केलेली धाव तर १९०.०७ मैलांची, म्हणजे ताशी तीनशे पाच किलोमीटरच्या वर. इंडियन गाडीवर कोणी गाठलेला तो अधिकृतरीत्या सर्वांत मोठा वेग. चालकाचे वय अडुसष्ट, गाडीचे सत्तेचाळीस. दोघांनाही हृदयाची तक्रार होतीच. एकाच्या छातीत कळ यायची, दुसऱ्याचे पिस्टन जायचे.

त्यानंतरची वर्षे उताराची होती. १९७१ मध्ये रॉजर डोनाल्डसन या तरुण दिग्दर्शकाने त्याच्यावर एक अनुबोधपट काढला. पुढे चौतीस वर्षांनी अँथनी हॉपकिन्सला घेऊन मोठा चित्रपट काढणारा दिग्दर्शकही हाच. म्हणजे त्यालाही हा म्हातारा डोक्यातून काढता आला नव्हता, हे वाचून मला बरे वाटले. प्रकृती साथ देईना तशी मन्रोची गाडीवरची सत्ता संपत आली. १९७७ मध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला, हातापायांचा ताळमेळ गेला. आता आपल्या हातून गाडी चालणार नाही हे कळल्यावर, गाड्या गावातच राहाव्यात म्हणून त्याने त्या तिथल्याच एका व्यापाऱ्याला, नॉर्मन हेज याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बर्ट मन्रोचे निधन झाले. इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेकडील दफनभूमीत त्याचे थडगे आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले, आणि त्याच वर्षापासून गावात त्याच्या नावाने शर्यती भरू लागल्या.

त्याची ती स्काउट एखाद्या मोठ्या संग्रहालयात असेल असा माझा समज होता. ती आहे हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात. खिळे, कानशी, हातोड्या, रंगाचे डबे यांच्या शेजारी. लोक पकड किंवा स्क्रू घ्यायला येतात आणि जाता जाता ती पाहतात. हे आप्पांना सांगितले तेव्हा त्यांना ते अगदी योग्य वाटले. काच लावलेल्या दालनात ती अवघडून गेली असती, असे त्यांचे मत पडले.

एक गोष्ट सांगायची राहिली. मन्रोचा मुलगा जॉन, ज्याच्या लहानपणीच्या कितीतरी रात्री वडील गाडीपाशी घालवीत होते, तो वडिलांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी १९६७ च्या विक्रमाचे आकडे पाहत होता. दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी काढताना त्या वेळी हिशेबात चूक झाल्याचे त्याच्या लक्षात आले. त्याने ते अमेरिकन संघटनेला कळवले. संघटनेने तपासले, मान्य केले आणि २०१४ मध्ये, मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, नोंद दुरुस्त केली. सरासरी निघाली ताशी १८४.०८७ मैल. सुमारे अर्ध्या मैलाने जास्त.

(द्वितीय वर्ष कला)